जर्मनीतली ही गावं पुरवणीत कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीवर लेख आला की मी आधी फोटो बघते आणि बऱ्याचदा पुढचं वाचायची गरजच पडत नाही. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, ब्लॅक फॉरेस्टमधलं कक्कू क्लॉकचं दुकान, ऱ्हाइनमधली बोट, कोलोनचं चर्च आणि चर्चपुढे सारख्या टोप्या घातलेला आपला ग्रुप. संपला जर्मनी. टूरवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांना दोन दिवसांत बस स्वित्झर्लंडला पोचवायची असते. पण पेपरला कुठली बस पकडायचीये?

आता आमच्यासारख्या लोकांची संख्या किती वाढलीये बघा. मुलं तिकडे नोकरीला, आणि आईवडील उन्हाळ्यात जाऊन दोन-अडीच महिने राहतात. मुलं सोमवार ते शुक्रवार कामात, नातवंड असलं तर ते किंडरगार्टनमध्ये, आणि आपण घरात बसून मराठी सिरियल बघतोय, तीही जर्मनीत बसून! वेळ भरपूर असतो, फक्त कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. त्यात डॉइचलांड टिकेट म्हणून महिन्याचा पास मिळतो, 2023 च्या मे मध्ये सुरू झाला तेव्हा 49 युरो होता, 2026 पासून 63 झालाय, तरी त्यात देशभरातल्या लोकल, रीजनल गाड्या, ट्राम, सिटी बस सगळं येतं. आयसीई सारख्या फास्ट गाड्या नाहीत चालत, पण आपल्याला कुठं घाई आहे.

माझी लेक लाइपझिगला असते म्हणून मला पूर्वेकडची गावं जास्त फिरता आली. तिथून साध्या लोकलने हाले गाठता येतं. मोठं शहर आहे तसं, पण आपल्याकडे नाव विचारा, कुणाला माहीत नसतं. संगीतकार हेंडेल इथला, 1685 चा जन्म, चौकात त्याचा पुतळा आहे. ते सोडा. मला पकडून ठेवलं ते फ्रांकेशे श्टिफ्टुंगेन नावाच्या संस्थेने. फ्रांके नावाच्या पाद्र्याने 1698 मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू केलेली, लाकडी चौकटीच्या सहा-सहा मजली लांबच लांब इमारती, आणि अनाथाश्रमाच्या माळ्यावर त्या काळातलं म्युझियम अजून तसंच लावलेलं. छताला मगर टांगलीये, कपाटांमधून शंख-शिंपले, जगभरातून आलेल्या चित्रविचित्र वस्तू. संस्थेच्या संग्रहात तामिळ ताडपत्रंही आहेत. कारण इथं शिकलेला झीगेनबाल्ग 1706 मध्ये जहाजाने तामिळनाडूतल्या तरंगमपाडीला पोचला, तिथं तामिळ शिकला, छापखाना काढला आणि बायबलचा नवा करार तामिळमध्ये छापला.

आता खरी गंमत पुढेच आहे आणि ती सांगायला म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. याच हालेत श्वार्ट्झ नावाचा विद्यार्थी शिकत होता, तामिळचे धडेही त्याने तिथंच घेतले, मग 1750 मध्ये तो तरंगमपाडीला आला आणि पुढे तंजावरला स्थिरावला. तंजावरला तेव्हा राज्य भोसल्यांचं! तुळजाजीराजांनी जाताना दत्तक मुलगा सरफोजी याच श्वार्ट्झच्या हवाली केला. म्हणजे ज्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं, बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला, त्यांचे गुरुजी या हालेत शिकलेले. राजांनी धर्म काही बदलला नाही, पण गुरुजी गेल्यावर त्यांचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून करवून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. आपण शिवाजी महाराजांच्या घराण्याबद्दल एवढं बोलतो, तंजावरला ट्रिपा काढतो, आणि हाले कुणाच्या यादीत नाही.

त्याच शहरात दुसऱ्या म्युझियममध्ये नेब्राची तबकडी आहे. साधारण 3600 वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेली, हिरवट पडलेलं कांस्य, पुरणपोळीएवढी, आणि त्यावर सोन्याच्या पत्र्याचा गोल, चंद्रकोर, तारे. मध्येच सात ठिपक्यांचा घोस आहे तो कृत्तिकांचा असं अभ्यासक म्हणतात. अंधाऱ्या खोलीत एकटीच ठेवलीये, चंद्रकोरीवरचं सोनं एवढं चमकतं की बाकी काही दिसतच नाही आधी. 1999 मध्ये बेकायदा खोदणाऱ्यांना सापडली, त्यांनी ती विकली, शेवटी 2002 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलला पोलिसांनी सापळा लावून परत मिळवली. सिनेमाच आहे. (सोमवारी म्युझियम बंद असतं, तिकडे बहुतेक सगळीच सोमवारी बंद, हे लक्षात ठेवा.)

दुसरं गाव गोर्लिट्झ. ड्रेस्डेनहून रीजनल गाडीने दीडएक तास, जर्मनीचं अगदी पूर्वेचं टोक. 1945 नंतर नाइसे नदी हीच हद्द ठरली आणि एका गावाची दोन झाली, पलीकडचं पोलंडचं झ्गोझेलेत्स. मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने युद्धाच्या शेवटी पूल उडवलेले, जुन्या गावातला पायी जायचा पूल पुन्हा व्हायला 2004 उजाडलं. आता लोक सकाळी त्यावरून चालत पोलंडमध्ये जाऊन सामान घेऊन येतात. युद्धात गावाला फारसा धक्का लागला नाही आणि नंतरच्या पूर्व जर्मनीच्या सरकारकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसे नव्हते, त्यामुळे जवळजवळ चार हजार जुन्या इमारती राहिल्या, पण पार मोडकळीला आलेल्या. मग 1995 पासून कुणीतरी नाव न सांगता दर वर्षी दहा लाख मार्क (युरोआधीचं जर्मन चलन) गावाला पाठवायला लागलं, इमारती दुरुस्त करा म्हणून. युरो आले तरी हिशोबाने तेवढेच, 5,11,500 युरो. 2016 पर्यंत आले, मग थांबले. देणारा कोण ते गावाला आजतागायत कळलेलं नाही! आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवतात, असो.

ज्यांची मुलं कोलोन-ड्युसेलडॉर्फकडे आहेत त्यांनी वुपरटालला जाऊन उलटी लटकणारी रेल्वे बघावी, 1901 पासून नदीच्या वरून धावतेय, पास तिच्यातही चालतो. 1950 मध्ये सर्कसवाल्यांनी जाहिरातीसाठी तिच्यात हत्तीचं पिल्लू चढवलं, ते बिथरून खिडकी तोडून खाली नदीत पडलं आणि वाचलं. आणि पुण्यातल्या आम्हा औंधकरांनी तरी ब्रेमेनला जायला हरकत नाही, रोज ब्रेमेन चौकात सिग्नलला उभे राहतो आपण.

सगळं गोडगोडच आहे असं नाही. पूर्वेकडच्या वयस्कर लोकांना शाळेत इंग्रजीऐवजी रशियन असायचं, त्यामुळे मोबाइलवर ट्रान्सलेट लागतं. रविवारी दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. शाकाहारी असाल तर डोनर म्हणजे तुर्की कबाबच्या दुकानातला फलाफल रोल हाच आधार. जुन्या गावातले रस्ते दगडी, गुडघे दुखत असतील तर बूट चांगलेच हवेत, सँडल नको. पोलंडला नुसता पूल ओलांडून जाणार असाल तरी पासपोर्ट जवळ ठेवा, परत येताना जर्मन पोलिस तपासतात कधीकधी.

तर पुरवणीत राजवाडे छापाच, पण महिन्यातून एखादं पान असल्या गावांना द्या, आणि लेख तिकडे राहून आलेल्या आईवडिलांकडून मागवा, टूरवाल्यांकडून नको. मार्च-एप्रिलमध्ये छापलंत तर निघायच्या आधी लोकांच्या हातात पडेल.

आपली,
एक नियमित वाचक, औंध, पुणे

ता. क. तो 63 युरोचा पास आपोआप पुढच्या महिन्यात रिन्यू होतो. ज्या महिन्यात परत यायचंय त्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल करा, नाहीतर तुम्ही इकडे आणि पैसे तिकडे जावयाच्या खात्यातून.