पाचवीत जाणाऱ्या मुलांसाठीही मेळावा भरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल संपत आला की जिल्हा परिषद शाळांत चौथीचे निरोप समारंभ होतात. गुलाबाचं फूल, भेळ, थोडी रडारड, शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट. जूनच्या मध्यावर हीच मुलं आमच्या हायस्कुलात पाचवीला येऊन बसतात. मी त्यांची वर्गशिक्षिका. जून सगळा घडी बसवण्यातच जातो.

दोन शिक्षकी शाळेत एकच बाई सगळे विषय शिकवतात. इथे तास संपला की समोरचा माणूसच बदलतो. पहिल्या दिवशी पहिली घंटा झाली, की वाडीवरची पोरं दप्तर पाठीला लावून उभी! घंटा झाली म्हणजे घरी जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वेळापत्रक कधी पाहिलेलं नसतं, म्हणून सगळी पुस्तकं रोज आणतात. नव्या सरांना विचारायचं कसं, या संकोचाने मधल्या सुट्टीपर्यंत लघवी दाबून बसणाऱ्या मुली तर दरवर्षी असतात. त्यात एसटीचा प्रवास, हिंदी नव्याने, आणि आता पाचवीला नापासाचीही धास्ती.

‘होईल सवय हळूहळू,’ असं पालक म्हणतात. बहुतेकांना होतेही. ज्याला होत नाही, त्याचं सोमवारी पोट दुखू लागतं आणि दिवाळीनंतर हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. एका वाडीची तीन मुलं तीन तुकड्यांत टाकण्याची आमची पद्धत यात भरच घालते. ती का पडली, कुणालाच सांगता येत नाही.

पहिलीत येणाऱ्यांसाठी शासन 2022 पासून शाळापूर्व तयारी मेळावे भरवतं, आयांचे गट करतं. चांगलंच आहे. मग पाचवीवाल्यांनी काय घोडं मारलंय? एप्रिलमध्ये एक दिवस चौथीची मुलं हायस्कुलात आणावीत. स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा दाखवावा, एका तासाला बसू द्यावं. जुन्या बाईंनी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात. दाखल्यावर जन्मतारीख असते, ‘वर्तणूक : चांगली’ असते; मूल बोलताना अडखळतं किंवा त्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही, हे कुठेच नसतं.

पालकांनीही सुट्टीत मुलाला घेऊन एकदा एसटीने शाळेपर्यंत जाऊन यावं. आणि ‘आता हायस्कुलात कळेल तुला,’ हा दम तेवढा बंद करावा.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हा विषय घेता येईल. वेगळा निधी लागत नाही. फार तर मुलांची ने-आण करायला एक टमटम. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर याच एप्रिलात जमेल.

– पाचवीची एक वर्गशिक्षिका, जि. सातारा