गावात ग्रामसभा भरते, नागपुरात काय भरते?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पूर्व नागपुरात आम्ही काही स्वयंसेवक मतदार नोंदणीचे काम करतो. कळमना बाजारातले हमाल आणि रोजमजुरीला जाणाऱ्या बाया सायंकाळी सातनंतरच घरी भेटतात, म्हणून आमचा फेराही सातनंतरच सुरू होतो. अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींचा नमुना ६ आणि घर बदललेल्यांचा नमुना ८ भरून घेणे, एवढेच वरकरणी आमचे काम आहे.

गेल्या पावसाळ्यात कुही तालुक्यातून वस्तीत राहायला आलेल्या एका ताईंचा नमुना ८ आम्ही भरून घेत होतो. दारासमोरचे गडर तुंबलेले होते आणि घाण पाणी उंबऱ्याला लागू नये म्हणून विटांची रांग लावली होती. उलट्या बादलीवर कागद ठेवून सही करता करता त्यांनी विचारले, "गावात ग्रामसभा भरे, तिथं मी उभी राहून बोलत होती. इथं काय भरते जी?"

माझ्याकडे उत्तर होते, पण ते त्यांना सांगायचे मला धाडस झाले नाही. २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्या क्षेत्रातल्या यादीत नाव असलेला प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य आणि अध्यक्षस्थानी नगरसेवक, अशी ती रचना आहे. म्हणजे त्या ताईंनी ज्या यादीसाठी सही केली, तीच यादी त्यांना सभेत बसण्याचा हक्क देते. मात्र इतक्या वर्षांच्या कामात मी वस्तीत एकाही क्षेत्रसभेची सूचना लागलेली पाहिलेली नाही.

अडचण कुठे आहे, तेही मला दिसते. क्षेत्रसभेची कल्पना एका प्रभागाला एक नगरसेवक धरून केलेली आहे, आणि आमच्या शहरात २०१२ साली प्रभाग दोन सदस्यांचा झाला, २०१७ साली चार सदस्यांचा. चौघांपैकी सभा बोलवायची कोणी, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि काही वर्षे अध्यक्षस्थानी बसायला नगरसेवकच उरला नाही. या काळात वस्तीतल्या माणसाने गडराची तक्रार कोणापुढे मांडायची, हे आम्हालाही सांगता येत नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये नागपूर लोकसभा मतदारसंघात ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, तेव्हा मतदारांच्या उदासीनतेवर पुष्कळ बोलले गेले. दारोदार फिरणाऱ्या माणसाला हा शब्द पटत नाही. दिवसभर पोती वाहून आलेला माणूस आमच्यासमोर अर्धा तास बसतो, आधार कार्ड शोधून आणतो, बायकोचेही नाव घाला म्हणतो. त्याला मत द्यायचे असते, पण त्यानंतर पाच वर्षे त्याला कोणी काही विचारणारच नसेल, तर पुढच्या वेळी मी त्याला कोणत्या तोंडाने बोलवू?

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, चार सदस्यांच्या प्रभागातली मतदान केंद्रे चौघांमध्ये वाटून देऊन प्रत्येक नगरसेवकाला त्याचे स्वतःचे क्षेत्र नेमून द्यावे आणि तसा स्पष्ट आदेश शासनाने काढावा. त्या क्षेत्रांच्या सीमा मतदान केंद्राच्या भिंतीवर लावाव्यात, म्हणजे माणसाला आपली सभा कोणती ते कळेल. गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे दिवस लोकांच्या तोंडी बसले आहेत, तसेच शहरातही दिवस ठरलेले असावेत. आणि वेळ संध्याकाळची असावी, कारण सकाळी अकराला भरणाऱ्या सभेत हमाल येऊ शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

लोकांना बोलावून आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. याद्या आमच्या पाठ आहेत, कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि त्यांना हात धरून आणावे लागेल, हेही ठाऊक आहे. आमच्या वस्तीत मंदिरासमोर एक मोठा ओटा आहे, त्यावर दिवा आहे, शंभर माणसे सहज बसतील. आदेश निघाला की रात्री आठची सभा तिथे भरवू आणि पहिले बोलण्यासाठी त्या ताईंना उभे करू.

आपला,
मतदार नोंदणीचे काम करणारा एक स्वयंसेवक,
पूर्व नागपूर