मेलेल्या जनावरांना रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या जनावरांची कुठंतरी नोंद व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. अहमदपूर-नांदेड रस्ता मला झोपेतही पाठ आहे. (झोपेत चालवला असा अर्थ कुणी काढू नये.) यंदा दिवाळीत सोयाबीन निघालं, हरभरा पेरायला चार दिवस अवकाश होता, तेवढ्यात मुलानं टूम काढली की ताडोबाला जायचं आणि तेही तंबू टाकून. आमच्या मंडळींनी आधी मोडता घातला. ‘चांगलं घर असताना ऊसतोडीवाल्यासारखं कोपीत कशाला निजायचं?’ पण धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून गाडीत सगळ्यांच्या आधी त्याच बसल्या.

आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही राष्ट्रीय उद्यान नाही. ताडोबा राज्यातलं सर्वांत जुनं, १९५५ सालचं. ते आम्हाला चारशे किलोमीटरच्या वर पडतं. लोहा, नांदेड, वारंगा फाट्याची खिचडी, उमरखेड, यवतमाळ, वणी, मग वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. बराचसा रस्ता आता चौपदरी, गुळगुळीत. माझ्या वेळच्या खड्ड्यांची आठवण ठेवून सांगतो, गाडी चालवायला मजा येते.

सहावीतल्या नातीनं वहीचं शेवटचं पान ‘दिसलेले प्राणी’ म्हणून मोकळं ठेवलं होतं. लोह्याच्या अलीकडंच तिनं विचारलं, ‘आबा, मेलेलं लिहायचं का?’ रस्त्याच्या कडेला मुंगूस पडलं होतं. मी म्हटलं, वेगळं लिही. तिनं पट्टीनं पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडं जिवंत, उजवीकडं मेलेलं. पुढं किलोमीटर दगडाचा आकडाही टाकायला सांगितलं, ही ड्रायव्हरची खोड.

यवतमाळ येईपर्यंत डावीकडं दोन मोर आणि वानरं. उजवीकडं सात नोंदी. मुंगूस, दोन साप, रानमांजर, ससा, एक ओळखू न आलेलं, आणि एक पिंगळा. पिंगळ्यासाठी मी गाडी थांबवायला लावली. एका बाजूचं पंख वाऱ्यानं उघडमीट होत होतं, म्हणून जिवंत वाटला. नव्हता. शेजारी दोन हातांवर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. आपणच घालतो, मीही घातलंय. दाण्याला उंदीर येतात, उंदरामागं पिंगळा आणि साप येतात, आणि त्यांच्या अंगावर चौदा चाकी ट्रक. मेलेलं कुणी उचललं नाही की ते खायला कोल्हा येतो, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हा पडलेला असतो.

भद्रावतीहून मोहर्लीकडं वळलो तेव्हा अंधारलं होतं. दिव्याच्या झोतात रस्त्यावर एक लाल ठिणगी दिसली. मुलाला म्हटलं, दाब ब्रेक. रातवा होता. रात्री हा पक्षी तापलेल्या डांबरावर बसून राहतो आणि उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. अंगाचा रंग वाळक्या पाचोळ्याचा, तेव्हा डोळा दिसला नाही तर पक्षी दिसतच नाही. आम्ही दिवे मंद केले तरी हलेना. शेवटी मी खाली उतरून चार पावलं गेलो, तेव्हा उडाला आणि दहा हातांवर पुन्हा रस्त्यावरच बसला. नातीनं डाव्या बाजूला लिहिलं आणि कंसात ‘सध्या’ घातलं.

तंबूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जंगलाच्या गाभ्यात तंबू टाकता येत नाही, म्हणून बाहेरच्या गावात एका घराच्या कुंपणात टाकला. चार माणसांचा तंबू, आम्ही सहा. रात्री भेकर ओरडलं तेव्हा मंडळींनी माझा दंड धरला तो सकाळीच सोडला.

सकाळी जिप्सीतून आत गेलो. मोबाइल आधीच जमा. आत ड्रायव्हर गाडी विसाच्या वर नेत नव्हता. तलावाकाठी मगर, मग गवे, मग एका वळणावर गाइडनं हात वर केला. पुढं-मागं मिळून नऊ जिप्स्या, सगळ्यांची इंजिनं बंद. बांबूतून एक वाघीण निघाली, रस्त्याच्या मधोमध थांबली, धुळीत नाक घालून काहीतरी हुंगलं आणि सावकाश पलीकडं गेली. वीस मिनिटं आम्ही पन्नासेक माणसं एका जनावरानं रस्ता ओलांडावा म्हणून गप्प बसलो होतो. नोकरीत मी इतका वेळ रेल्वे फाटकावरही गप्प बसलो नाही.

याच वाघिणीचं पिल्लू मोठं झालं की नवीन रान शोधत बाहेर पडणार. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन नांदेड, हिंगोलीवरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, १३०० किलोमीटर चालून. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच आणखी एक आपल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. येडशीला सोलापूर-धुळे महामार्ग लागूनच आहे. या वाघांनी आपले किती रस्ते ओलांडले असतील? तिथं हात वर करायला गाइड नव्हता.

परतीत वही पुन्हा भरली. जाताना-येताना मिळून उजवीकडं पंचवीस.

एक कबुली देतो. बरीच वर्षं झाली, नांदेडहून शेवटची गाडी आणताना माळेगावच्या अलीकडं माझ्या चाकाखाली एक तरस आलं. धक्का हातात अजून आहे. डेपोत विचारलं, गाडी किती लेट? लॉगशीटवर डिझेलचा रकाना होता, किलोमीटरचा होता, तरसाचा नव्हता. मी ‘वाटेत अडथळा’ असं लिहिलं आणि घरी गेलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचच्या जंगलात, मनसर-खवासा टप्प्यात, जनावरांना खालून जायला नऊ जागा सोडल्या आहेत, त्यातली सर्वांत लांब साडेसातशे मीटरची, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा येतो. आपल्याकडं लगेच तसं करा असं मी म्हणत नाही, पैसे लागतात. शक्तिपीठ महामार्गावरून गावोगाव रान पेटलंय, त्या भांडणातही मी पडत नाही. पण टोलनाक्याची गस्तीची गाडी मेलेलं जनावर उचलतेच की. तिच्या रजिस्टरात एक रकाना वाढवा. काय मेलं, कोणत्या किलोमीटरला, किती वाजता. वर्षभरात कळेल की कोणत्या दोन-चार ठिकाणी जनावरं वारंवार येतात. तिथल्या ओढ्यांवरच्या मोऱ्या आधी उपसा. आज त्या प्लास्टिकनं आणि वेड्या बाभळीनं बुजल्या आहेत, सशालासुद्धा खालून जायला वाट नाही. मग वेगाची पाटी, मग पुढचं पुढं.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. अक्षर नातीचं आहे. उजवीकडची सव्विसावी नोंद तरसाची. ती मी तिला घरी आल्यावर घालायला लावली, किलोमीटरच्या आकड्यासह.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
अहमदपूर, जि. लातूर