गरोदरपणातली डोकेदुखी अंगावर काढू नका

संपादक महोदय,
माझ्या भाचीला सातव्या महिन्यात सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, मग एकाचे दोन दिसायला लागले, बीपी नॉर्मल, आणि घरातले म्हणत राहिले की दिवस गेल्यावर होतंच असं, शेवटी एमआरआयमध्ये मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, निघाली. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते पण प्रेग्नन्सीत वाढू शकते. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, शिरेतून देतात ती डाय न देताही होतो, मग टाळता कशाला? आणि अशा गाठीमुळे फिट येत असतील तर फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका प्लीज, त्यातलं व्हॅलप्रोएट बाळाला घातक असतं पण डॉक्टर लेव्हेटिरासिटॅमसारखं दुसरं औषध देऊ शकतात. गर्भ पाडावाच लागतो असंही नाही, न्यूरोसर्जन आणि गायनॅक दोघांनी मिळून ठरवलं तर बऱ्याचदा डिलिव्हरीपर्यंत थांबता येतं.
– एक वाचक, कोथरूड, पुणे