नाखवा काका, तुम्ही फक्त डिझेलचे पैसे घेतलेत

आदरणीय नाखवा काका,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही हातातलं जाळं उलगडायला घेता आणि विषय बदलता. दोनदा तसंच झालं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुम्हाला नात वाचून दाखवेलच. तिला सांगा, मध्ये काही गाळायचं नाही.

त्या दिवशी समुद्रात आमच्या बोटीच्या इंजिनाची डीपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) बाहेर काढली आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तेव्हाच बाबा मटकन खाली बसले. खारं पाणी ऑइलमध्ये गेलं होतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला चीर पडली होती. १४ वर्षं चाललेलं इंजिन, दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या बोटीने आम्हाला त्याच संध्याकाळी हर्णैला ओढून आणलं. त्याचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. आज तुझी बोट, उद्या माझी, हा दर्यावरचा रिवाजच आहे.

पण नवीन इंजिनासाठी बोट रत्नागिरीला न्यायची म्हणजे रिवाजापलीकडची गोष्ट होती. इंजिनाखालची लाकडं कुजलेली निघाली. नव्या इंजिनाचे पाय जुन्याच्या जागी बसणार नव्हते. पाया नवीन घालायचा तर बोट कोरड्यावर घ्यायला हवी, आणि सुतार, क्रेन, मेकॅनिक एका ठिकाणी हवेत. ते सगळं भाट्याच्या खाडीतल्या यार्डात होतं. हर्णैहून साधारण ५० सागरी मैल, आणि आमच्याकडे इंजिन नाही.

बोटीचा हिशेब मी ठेवतो, त्यामुळे आकडे पाठ आहेत. रस्त्याने न्यायची तर इकडे एक क्रेन, तिकडे एक क्रेन, मध्ये लांब ट्रेलर. ४२ फुटांची बोट कोकणातल्या वळणांवरून आणि विजेच्या तारांखालून काढायची. तो आकडा ऐकूनच आम्ही नाद सोडला. समुद्रातून ओढून न्यायला एकाने ८० हजार सांगितले, डिझेल वेगळं, आणि दोर तुटून बोट खडकावर गेली तर जबाबदारी आमची. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता येत नाही, कारण ओढून नेण्यात काय काय जातं ते मी त्या रात्री डोळ्यांनी बघितलं.

तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि विचारलंत, "गिअरबॉक्स चांगला आहे ना?" बाबा हो म्हणाले. "मग तो वाचवायचा," एवढंच बोललात. त्याचा अर्थ मला निघायच्या वेळी कळला. बोट ओढली जात असताना पाण्याच्या जोराने पंखा आपोआप फिरतो, त्याच्याबरोबर शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, फिरतो, शाफ्टबरोबर गिअरबॉक्सची आतली चाकं. इंजिन बंद म्हणजे आतला ऑइल पंपही बंद. अशी १२ तास कोरडी चाकं फिरली असती तर रत्नागिरीला पोचेपर्यंत गिअरबॉक्सही गेला असता. तुम्ही स्वतः खाली उतरलात, शाफ्ट आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कपलिंगला मोठा पाना लावलात आणि तो दोरीने दोन्ही बाजूंना आवळून बांधलात. यार्डातल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडून बघितला. आत एक ओरखडा नाही. नवा घ्यावा लागला असता तर आमचं कर्ज आणखी वाढलं असतं, आणि सोसायटीत पुन्हा हात पसरायची बाबांची तयारी नव्हती.

दिवसही तुम्हीच काढलात. पौष शुद्ध द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे नऊच्या सुमारास पाणी पुरं. भाट्याच्या तोंडाशी गाळ आहे, भरतीशिवाय आत शिरणं धोक्याचं, म्हणून सकाळच्या नऊवरून मागे मोजत तुम्ही संध्याकाळी सहाला निघायचं ठरवलंत. रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा, समुद्र बसलेला, आणि पहाटेपर्यंत चांदणं. दिवसा निघालो असतो तर दुपारनंतर मागून लाट आली असती आणि आमची बोट तुमच्या अंगावर धावली असती.

दोर तुम्ही तुमचा आणलात. आमच्याकडे होता तो पाण्यावर तरंगणारा. तो ढिला पडला तर ओढणाऱ्याच्याच पंख्यात जातो. तुमचा जाड नायलॉनचा, ताण आला की थोडा लांबणारा. ४० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) सोडलात आणि मधोमध साखळी बांधलीत, म्हणजे वजनाने दोर पाण्यात झुकलेला राहील आणि झटका बसणार नाही. आमच्या नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोर जिथे घासत होता तिथे गोणपाट गुंडाळून मला सांगितलंत, "दर तासाला हात लावून बघ. गरम लागला की पाणी मार." मी रात्रभर ते केलं. सुकाणूवर बाबा, नाळेवर मी. जयगडच्या अलीकडे एकदा हात लावला तर गोणपाट फाटून एक पीळ उसवलेला. टॉर्च हलवली आणि तुम्ही लगेच वेग कमी केलात. आम्ही हातभर दोर पुढे सोडला, नवीन गोणपाट गुंडाळलं आणि पुन्हा निघालो. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्या वेळात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

टाळकेश्वरचं दीपगृह, मग गुहागरचे दिवे, मग वेळणेश्वर, हेदवी. चार नॉट, म्हणजे तासाला चार सागरी मैल; माणूस किनाऱ्याने चालत बरोबर येईल असं वाटतं. जयगडसमोर नांगरलेली मोठी जहाजं होती, त्यांना तुम्ही लांबून वळसा घातलात. मध्ये कुणाची तरी जाळी सोडलेली होती. त्यांच्या दिव्यांना वळसा घालण्यात अर्धा पाऊण तास गेला. सरळ गेलो असतो तर तेवढं डिझेल वाचलं असतं, पण कुणा मच्छीमाराचं जाळं फाटलं असतं. तुम्ही वळलात. डिझेलच्या आकड्यात तो अर्धा पाऊण तासही आहे, आणि तो मी आनंदाने भरला.

रत्नदुर्गाचं दीपगृह मागे टाकलं तेव्हा उजाडत होतं. भरतीला वेळ होता. तुम्ही भाट्याच्या बाहेर बोट धरून ठेवलीत, दोर आखडून घेतलात, आणि पाणी चढल्यावर आम्हाला तुमच्या बोटीच्या कडेला बांधून आत नेलंत.

मग हिशेबाची वेळ आली. जाताना येताना मिळून २७० लिटर डिझेल, ९२ रुपयांनी २४,८४० रुपये. तेवढेच घेतलेत. मी पुढे केलेली बाकीची नोटांची गड्डी तुम्ही बाबांच्या खिशात कोंबलीत.

काका, उरलेला हिशेब मी घरी येऊन मांडला. तुमच्या पाच खलाशांचे दोन दिवस. ते तुमच्या घरातून गेले. मासळी लागलेली असताना दोन दिवस तुमची बोट धंद्यावर गेली नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यात वादळवाऱ्याचे दिवस वजा करा, मग वर्षात हाताशी राहतात किती? त्यातले दोन तुम्ही आम्हाला दिलेत. तुमच्या इंजिनाने रात्रभर दोन बोटींचं ओझं ओढलं, ते कुठल्याच पावतीवर येत नाही. त्या ८० हजार सांगणाऱ्याने हेच सगळं धरलं होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही ते धरलं नाहीत.

नवीन इंजिन बसलं आहे. पाया सागवानी घातला. बोट पाण्यात सोडल्यावर दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कपलिंगमध्ये पुन्हा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला, कारण कोरड्यावर सरळ दिसलेला शाफ्ट पाण्यात थोडा हलतो. ते करून घ्या, असं तुम्हीच आम्हाला फोनवर बजावलं होतं. थोडा फरक निघाला, तो काढला. परत येताना बाबा स्वतः सुकाणूवर होते आणि जयगडपाशी त्यांनी मला जवळ बोलावून दोराचा पीळ उसवला होता ती जागा दाखवली.

तुमच्या दोराचा तो उसवलेला पीळ मी विसरलेलो नाही. तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोर, ४० वाव, रत्नागिरीहून आणला आहे. सोमवारी सकाळी तुमच्या खलाशाकडे देतो. परत पाठवू नका.

तुमचा,
त्या रात्री नाळेवर बसलेला