दरी बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, मंत्रिमहोदय?

प्रति,
माननीय श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

स. न. वि. वि.

आपण पुण्याचे, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहोत. विषय हेलिकॉप्टरांच्या अपघातांचा आहे, आणि ढग आल्यावर केदारनाथची दरी उड्डाणांना कोणी बंद करायची याचा. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी बावधनजवळ जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर उडाल्यावर काही मिनिटांतच धुक्यात कोसळले, तेव्हाही आपण याच खात्याचे राज्यमंत्री होता. दोन वैमानिक आणि एक इंजिनिअर गेले. त्या हेलिकॉप्टरला इंजिने दोन होती आणि पुढे माणसेही दोन होती, तरी ते वाचले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उत्तराखंडात ८ मे ते १५ जून २०२५ या काळात हेलिकॉप्टर कोसळून गंगनानीला सहा आणि गौरीकुंडजवळ सात अशी तेरा माणसे मेली. मधल्या काळात केदारनाथला हवाई रुग्णवाहिकेची शेपटी तुटली, आणि आणखी एक हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरवावे लागले. गौरीकुंडच्या सात जणांत महाराष्ट्रातले एक कुटुंब होते, त्यांची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. तीन दिवस आधी अहमदाबादचे विमान पडले होते. त्या मोठ्या शोकात हे सात जण दोन दिवसांत विसरले गेले. १८ ऑक्टोबर २०२२ ला याच केदारखोऱ्यात, गरुडचट्टीजवळ, गौरीकुंडला पडले त्याच बेल ४०७ जातीचे हेलिकॉप्टर पडून सातच माणसे मेली होती. तेव्हाही चौकशी, फेरआढावा आणि कडक नियम यांची आश्वासने मिळाली होती. २०२५ मध्ये पावसाळ्यात बंद झालेली केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा सप्टेंबरात पुन्हा सुरू झाली. नवे नियम आले, बैठका झाल्या, हे आम्हाला माहीत आहे. भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे बंद झाले, आता बर्फ वितळेपर्यंतचे महिने आपल्या हातात आहेत. म्हणून आत्ताच लिहितो आहोत.

आमचे पहिले भांडण ‘खराब हवामानामुळे अपघात’ या वाक्याशी आहे. हवामान चालून येत नाही, हेलिकॉप्टर त्याच्यात नेले जाते. हेलिकॉप्टर स्वभावानेच अस्थिर यंत्र आहे. लहान हेलिकॉप्टरात बहुतेक वेळा ऑटोपायलट नसतो, त्यामुळे दांड्यावरचा हात सैल सोडता येत नाही. बाहेरची क्षितिजरेषा दिसते तोवर सगळे ठीक असते. ढगात शिरताच डोळ्यांचा आधार जातो आणि तोल कानावर येतो. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू वळलेले माणसाच्या कानाला कळतच नाही. हेलिकॉप्टर एका बाजूला कलत जाते आणि चालवणाऱ्याला ते सरळच वाटते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना कृत्रिम ढगात घातले, तेव्हा ताबा सुटेपर्यंत सरासरी १७८ सेकंद लागले. ती विमाने होती, म्हणजे हेलिकॉप्टरपेक्षा कितीतरी स्थिर. ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूरजवळच्या अपघातात जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले, तिथेही चौकशीचा निष्कर्ष हाच होता : दरीत अचानक ढग, वैमानिकाचा दिशाभ्रम, आणि पूर्ण ताब्यात असलेले, कोणताही बिघाड नसलेले हेलिकॉप्टर डोंगरावर आदळणे.

‘मग मागे फिरायचे ना’ असे लोक म्हणतात. हिशोब करून पाहा. १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर, वेगात हेलिकॉप्टर सेकंदाला ५१ मीटर कापते. समोरचे ५०० मीटरच दिसत असेल तर हातात दहा सेकंद आहेत. २० अंश कलून पूर्ण मागे वळायचे तर त्या वेगात जवळजवळ दीड किलोमीटर रुंद जागा लागते. वेग ६० नॉट केला तर अर्ध्या किलोमीटरच्या थोड्याच वर जागेत वळता येते. केदारनाथकडे जाणारी मंदाकिनीची दरी वर सरकत जाईल तशी आवळत जाते. म्हणून फिरायचा निर्णय दरीच्या तोंडाशीच, वेग कमी करून, रस्ता मोकळा दिसत असतानाच घ्यायचा असतो. आत गेल्यावर तो घेता येत नाही.

आणि तो निर्णय आपण कोणावर सोडला आहे? ज्याच्या मागे पाच-सहा प्रवासी बसले आहेत, खाली रांग लागली आहे, पुढची फेरी ठरलेली आहे आणि शेजारच्या हेलिपॅडवरून दुसऱ्या कंपनीचे हेलिकॉप्टर आत्ताच उडाले आहे, त्या एकट्या माणसावर. एक गेला की थांबलेल्याला ‘तू का नाही गेलास’ असे विचारले जाते. वर्षानुवर्षे हे असेच चालू आहे. फेऱ्यांवर कमाई मोजली जाते तोवर वैमानिकाच्या शहाणपणावर दरी चालवणे हा अन्याय आहे, प्रवाशांवर आणि त्याच्यावरही. तो मेल्यावर चूक त्याची ठरते, आणि तो उत्तर द्यायला नसतो.

आमची मुख्य मागणी एवढीच आहे. गौरीकुंड, रामबाडा, गरुडचट्टी आणि केदारनाथ इथे कॅमेरे आणि ढगाची उंची व दृश्यमानता मोजणारी यंत्रे असावीत आणि त्यांचे चित्र प्रत्येक हेलिपॅडवर उड्डाणाआधी दिसावे. ठरलेल्या मर्यादेखाली आकडा गेला की सगळ्या कंपन्यांसाठी दरी एकाच वेळी बंद व्हावी. बंद करणारा माणूस ना कंपनीचा असावा ना तिकीट विकणाऱ्याचा. त्याचे नाव, हुद्दा आणि त्याने बंद केलेल्या वेळा रोज जाहीर व्हाव्यात. डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकांना २०१७ पासून सक्तीचे आहे. ते इथेही हवे, पण अरुंद दरीत ते सतत वाजते आणि लोक त्याचा आवाज बंद करतात, म्हणून नुसते यंत्र बसवून कोणी हात झटकू नयेत.

दुसरी गोष्ट वजनाची. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांहून उंच आहे. तापमान १५ अंश असेल तर तिथली हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम ६४ टक्के दाट उरते, आणि पंख्याला ती जागा साडेचौदा हजार फुटांसारखी लागते. तेच पाते, तेच इंजिन, पण धरायला हवा कमी. जमिनीलगत, साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत, हवेची उशी खालून आधार देते. हेलिकॉप्टर तिच्यावर सहज तरंगते आणि ओझे जास्त झाल्याचे कळत नाही. कड्यावरून पुढे सरकले की उशी संपते आणि ते खाली बसू लागते. म्हणून ‘जमिनीवर तरंगते आहे, चला’ ही चाचणी पुरेशी नाही. उशीशिवाय तरंगण्याइतकी ताकद शिल्लक आहे का, हे त्या दिवसाच्या तापमानाला तक्त्यावरून काढायचे असते. प्रवाशांचे खरे वजन, इंधन आणि तापमान प्रत्येक फेरीच्या कागदावर असावे. सकाळी सहाला जे वजन चालते ते दुपारी, हवा तापून विरळ झाल्यावर, चालत नाही, हे तिकीट खिडकीला शिकवावे लागेल.

उष्णतेचा प्रश्न फक्त हिमालयाचा नाही. २५ मे २०१७ ला निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली येऊन तारांत अडकले आणि कोसळले. सगळे वाचले. मराठवाड्यात मे महिन्यात हवा किती विरळ होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण दौरा ठरवणाऱ्या कार्यालयाला सांगावे लागते.

आणि तारा. गंगनानीच्या प्राथमिक अहवालात लिहिले आहे की हेलिकॉप्टर गंगोत्रीच्या महामार्गावर उतरू पाहत असताना मुख्य पंख्याचे पाते रस्त्याला समांतर गेलेल्या फायबर केबलला लागले आणि ते सुमारे अडीचशे फूट खाली गेले. ते रस्त्यावर का उतरत होते याचे उत्तर पुढच्या तपासाने द्यावे. पण बारीक तार हवेतून दिसत नाही. वैमानिक तार शोधत नाही, तो खांब शोधतो. दरी ओलांडणाऱ्या तारांवर लाल-पांढरे गोळे लावणे आणि प्रत्येक केबलची नोंद नकाशावर करणे हे वीज आणि दूरसंचार खात्याचे काम आहे. त्यांच्याकडून ते करून घेणे हे आपले काम आहे.

प्रचारात गावोगावी जे हेलिपॅड होतात त्यांच्याकडेही पाहा. नांगरलेल्या रानाशेजारी रोलर फिरवतात, वर फक्कीने एच काढतात. शेवटच्या वीस-तीस फुटांत पंख्याने खाली ढकललेली हवा धूळ आणि ती फक्की उचलून काचेवर आणते. जमीन दिसेनाशी होते, हेलिकॉप्टर आडवे सरकते, एक पाय ढेकळात अडकतो आणि त्याच पायावर ते उलटते. अशा वेळी पंख्याची उचल कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा खाली दाबायचा असतो, पण घाबरलेला हात तो वर ओढतो. आदल्या संध्याकाळी आणि उतरण्याआधी अर्धा तास जमीन भिजेपर्यंत पाणी, एच चुन्याऐवजी रंगाचा, जवळ मांडवाचे कापड आणि पताका नाहीत, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक वैमानिकाला दिसेल तिथे. खर्च एका टँकरचा आहे. हे न करता नेता वेळेवर पोहोचावा म्हणून कोणी वैमानिकाला फोन करू नये. आपल्या पक्षातही हा निरोप द्यावा, इतर पक्षांनाही द्यावा.

आता तपासाबद्दल. ब्लॅक बॉक्सची आंतरराष्ट्रीय सक्ती साधारण ३,१७५ किलोंवरच्या हेलिकॉप्टरांना आहे. बेल ४०७ चे कमाल वजन सुमारे २,२६८ किलो. म्हणजे ज्या यंत्रात सगळे मरतात त्यातच नोंद नसते, आणि मग साक्षीदार, हवामानाचा कागद आणि पत्र्याचे तुकडे यांवरून कारण जुळवावे लागते. मूठभर आकाराचा हलका रेकॉर्डर आणि पॅनलकडे तोंड असलेला एक कॅमेरा यात्रेच्या प्रत्येक हेलिकॉप्टरात सक्तीचा करा. अंतिम अहवाल १२ महिन्यांत यावा अशी अपेक्षा असते, तो अनेकदा कितीतरी उशिरा येतो, आणि तोवर मोसम येऊन गेलेला असतो.

आणि तपास करतो कोण? नियम करणारे, परवाने देणारे डीजीसीए आपल्या मंत्रालयाखाली. अपघाताची चौकशी करणारे कार्यालयही आपल्याच मंत्रालयाखाली. देखरेख कमी पडली का, हा प्रश्न एका खोलीतून शेजारच्या खोलीला विचारायचा. अमेरिकेने अर्धशतकापूर्वी तपास यंत्रणा वाहतूक खात्यातून बाहेर काढली. आपल्या संसदेच्या समितीनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की डीजीसीएच्या मंजूर १,०६३ पदांपैकी ५५३ भरलेली होती. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून दर मोसमाला कडक तपासणीचे आश्वासन कशाच्या जोरावर दिले जाते? ते देणाऱ्या प्रत्येकावर आमचा राग आहे, आणि आम्ही तो लपवत नाही.

येत्या मोसमाची पहिली फेरी उडण्याआधी तीन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात : केदारखोरे बंद करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा, कोणत्या आकड्याला ते बंद होईल, आणि गंगनानी, गौरीकुंड व बावधन या तिन्हींच्या अंतिम अहवालांच्या तारखा. उत्तर मराठीत द्यावे, पुण्यातच द्यावे.

कळावे.

हेलिकॉप्टरांच्या देखभालीत आणि उड्डाणात काम करणारे काही पुणेकर