दुहेरी स्क्वॉशला आधी कोर्ट द्या

महोदय,

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच खेळला जाणार, हा आपल्या अंकातला लेख वाचून फार आनंद झाला. पण तिथे फक्त एकेरीच असेल, १६ पुरुष आणि १६ महिला. दुहेरीचा त्यात उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र.

मी अनेक वर्षे क्लबमध्ये दुहेरी खेळतो, हौशी स्पर्धांत पंचाचे कामही करतो. एकेरीचे कोर्ट ६.४ मीटर रुंद असते, दुहेरीचे ८.४२. लांबी तीच, ९.७५. हा दोन मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. एकेरीच्या कोर्टात चौघे उतरले की तो कळतो. आमच्या जोडीत डावी बाजू जोडीदाराची, उजवी माझी. चेंडू मधोमध आला की 'माझा!' असे ओरडायचे, हा आमचा ठराव. एकदा दोघेही गप्प राहिलो, दोघेही धावलो आणि त्याच्या रॅकेटची कड माझ्या भुवईवर बसली. गॉगल होता म्हणून डोळा वाचला. दुहेरीत गॉगल सक्तीचा का, हे नवख्यांना मी तेव्हापासून भुवईवरची खूण दाखवूनच सांगतो.

अरुंद कोर्टात खेळही खुंटतो. दर दोन-तीन रॅलींनंतर कोणीतरी 'लेट' मागतो, म्हणजे वाटेत अडथळा आला म्हणून ती रॅली पुन्हा खेळायची. प्रतिस्पर्ध्यांना एका कोपऱ्यात ओढून दुसरा कोपरा मोकळा करण्यात दुहेरीची खरी गंमत आहे, आणि त्यासाठी मोकळा कोपरा तर हवा!

राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ ते २०२२ या काळात दुहेरीची पदके दिली गेली. २०१४ला ग्लासगोत भारताच्या दीपिका पल्लीकल आणि जोश्ना चिनप्पा यांनी सुवर्ण जिंकले. २०२२ला तिथेच जागतिक दुहेरीत त्या पुन्हा जिंकल्या, आणि दीपिकाने सौरव घोषालसोबत मिश्र दुहेरीही जिंकली. एकमेकींकडे न बघता जागा बदलण्याची त्यांची सवय वर्षानुवर्षे सोबत खेळून आलेली आहे. इतर बहुतेक जोड्या मात्र स्पर्धा जवळ आली की जमवल्या जातात, कारण एरवी सगळे एकेरीच खेळत असतात. उत्तर अमेरिकेत टणक चेंडूने खेळल्या जाणाऱ्या दुहेरीसाठी ४५ बाय २५ फुटांची वेगळी कोर्टे आहेत. तिथे दुहेरीचे व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांचा स्वतंत्र दौराही आहे.

रुंद कोर्टांच्या अडचणीवर उपाय आहे. बाजूच्या भिंती सरकत्या ठेवल्या, तर एकेरीच्या चार कोर्टांच्या २५.६ मीटरमध्ये दुहेरीची तीन कोर्टे बसतात, कारण त्यांना २५.२६ मीटरच लागतात. सरकत्या भिंतीला खर्च येतो, मान्य. पण एकदा पक्की भिंत बांधली की ती पुढची तीस-चाळीस वर्षे कोणी हलवत नाही. ऑलिम्पिकच्या निमित्ताने आता नवी कोर्टे बांधली जातील. त्यांचे नकाशे मंजूर होण्याआधीच संघटनांनी निदान एक भिंत सरकती ठेवण्याची अट घालावी, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक दुहेरी खेळाडू